मागच्या डाव्या चाकापाशी

आत्मकथन लिहायचं माझं वय नाही, हे मला कळतं. ज्यांनी आयुष्यात काही केलेलं असतं आणि ज्यांचे केस पांढरे झालेले असतात त्यांनी लिहावं, बाकीच्यांनी वाचावं. मी अजून एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि आमच्या घरात माझ्याआधी कुणी काही लिहिलं असेल तर ते फक्त स्वतःचं नाव. आप्पा, म्हणजे माझे वडील, सही करतात तेव्हा जीभ दातांत धरतात आणि सही झाली की ती वाळेपर्यंत कागदाकडे बघत राहतात, बॉलपेनची असली तरी. अशा घरातल्या मुलानं पानंच्या पानं भरायला बसावं याचा मलाच संकोच वाटतो. चूकभूल पदरात घ्यावी. पण एका शुक्रवारी मी केलेलं एक काम माझ्या डोक्यातून जात नाही, आणि तोंडी सांगायला गेलो की मी मध्येच अडखळतो. म्हणून लिहितो.

आम्ही तेव्हा घोटावड्यात एका बंगल्याच्या मागच्या खोलीत राहायचो. बंगला शेठचा होता. शेठचा उरवड्याला प्लास्टिकची झाकणं बनवायचा लहानसा कारखाना होता आणि आप्पा त्यांच्या टेम्पोवर ड्रायव्हर होते. शेठ आणि वहिनी पुण्यात राहायचे, शनिवार-रविवारी यायचे. बाकीचे पाच दिवस बंगला आईच्या ताब्यात असायचा, झाडण्यापुसण्यापुरता. खोलीला पत्रा होता आणि एकच खिडकी, आणि खिडकीतून फाटक दिसायचं. संध्याकाळी आप्पा बाहेरून दोनदा हॉर्न वाजवायचे. एक आईसाठी आणि एक माझ्यासाठी, असं मी लहानपणी धरून चाललो होतो. मी फाटक उघडायचो, टेम्पो अंगणातल्या सिमेंटच्या गट्टूंवरून खडखडत आत यायचा आणि डाव्या हाताला कुंपणाच्या भिंतीला लागून उभा राहायचा, रोज त्याच जागी, वीतभरही इकडेतिकडे नाही. मागच्या पडवीत चुलीवर इंद्रायणीचा भात रटरटत असायचा. त्याचा वास आणि टेम्पोच्या तापलेल्या इंजिनाचा वास हे दोन्ही मिळून मला आजही संध्याकाळ वाटते. इथे हॉस्टेलच्या मेसमध्ये भात रोज असतो, पण संध्याकाळ होत नाही.

हातपाय धुऊन आप्पा भिंतीला टेकून बसायचे. ते डोक्याला खोबरेल भरपूर लावायचे, त्यामुळे त्यांच्या टेकायच्या जागी भिंतीवर एक काळपट गोल उमटला होता. आई दर दिवाळीला त्यावर चुना मारायची आणि संक्रांतीपर्यंत तो परत वर यायचा. "मानूस कामावर गेलं तरी डोस्कं घरीच ऱ्हातंय," असं ती म्हणायची. आप्पा कुठल्याही टोमण्याला हसायचे तसेच ह्यालाही हसायचे आणि पुन्हा तिथंच टेकायचे.

एक गोष्ट मात्र त्यांनी मला कधी करू दिली नाही. टेम्पोला हात लावायचा नाही. ड्रायव्हरांची पोरं बारा-तेराव्या वर्षी अंगणात गाडी मागंपुढं करायला लागतात. मला बॉनेटच्या आत काय असतं हेही ठाऊक नव्हतं. "ह्यात शिरलास की भाईर न्हाई यायचास," एवढंच ते म्हणायचे आणि माझ्या हातात पुस्तक द्यायचे, कधी कधी उलटं. मला सायकल येत होती. ब्रेक म्हणजे तार, तार सैल झाली की ब्रेक लागत नाही, एवढंच माझं ब्रेकचं ज्ञान होतं. वाचणाऱ्याला हे फारसं महत्त्वाचं वाटणार नाही, पण पुढचं सगळं ह्यातूनच झालं आहे.

मी बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होतो, विषय रसायनशास्त्र. थंडी सुरू झाली होती. शेठच्या मुलीचा साखरपुडा ठरला आणि तो बंगल्यावरच रविवारी करायचा असं वहिनींच्या मनात आलं. फाटकापासून पायरीपर्यंत गट्टूंवर त्यांना मोठी रांगोळी काढून घ्यायची होती. पण टेम्पो वर्षानुवर्षं तिथं उभा राहून गट्टूंवर तेलाचे डाग पडले होते, आणि तेलावर रांगोळी टाकली की ती तेल पिते आणि मातकट होते. वहिनींनी हे आप्पांना बोलून दाखवलं. आप्पांनी मागचा-पुढचा विचार न करता सांगून टाकलं की पोरगा कॉलेजात आहे, ह्या असल्याच गोष्टी शिकतोय, तो काढील. घरी येऊन त्यांनी मला ते सांगितलं तेव्हा त्यांच्या तोंडावर जे होतं ते मी परत फारसं पाहिलं नाही. माझं शिक्षण त्या दिवशी पहिल्यांदा त्यांच्या कामाच्या जागी उपयोगाला येणार होतं.

त्याच आठवड्यात ते जेवताना एकसारखे म्हणत होते की ब्रेक खाली जातोय, दोनदा-तीनदा दाबावा लागतोय. शेठला सांगितलंय. शेठ म्हणाले, रविवार होऊ दे, सोमवारी गाडी गॅरेजला टाक. आई म्हणाली, मग रविवारपर्यंत हळू चालवा. मी ताटावर बसून हे सगळं ऐकत होतो, आणि माझ्या डोक्यात सायकलची तार होती.

शुक्रवारी मी कॉलेजला गेलो नाही. आप्पा सकाळी टेम्पो घेऊन गेले आणि जागा मोकळी झाली. सुताराकडून पोतंभर लाकडाचा भुसा मी आदल्या दिवशीच आणून ठेवला होता. शेजारच्या बंगल्यावरच्या माळ्यानं रॉकेल ओत म्हणून सांगितलं. मी त्याला समजावलं की रॉकेलनं तेल पातळ होऊन आणखी आत मुरेल. आधी भुसा दाबून सुटं तेल ओढून घ्यायचं, मग धुण्याच्या पावडरीचा घट्ट लेप तासभर ठेवायचा, मग कढत पाणी आणि तारेचा ब्रश. माळी आपल्या झाडांकडे निघून गेला. आई चुलीवर पाणी तापवून बादल्या आणून देत होती. तिला मी साबणाचा कण कसा असतो ते सांगितलं, त्याचं एक टोक तेल धरतं आणि दुसरं पाणी धरतं. ती बादली खाली ठेवून म्हणाली, "आनि आमी रोज भांडी घासतुया ते काय मग? आमाला न्हाई दिलं कुनी सर्टिफिकेट."

पुढच्या बाजूचे डाग काळे होते, चिकट, गट्टूंच्या फटींत वाळूसकट बसलेले. त्यांनी माझे पाच तास घेतले. बोटांची सालं निघाली. पण मागं, जिथं टेम्पोचं मागचं डावं चाक यायचं, तिथं एक डाग वेगळा होता. काळा नव्हता, पिवळसर ओला होता, ताटाएवढा. त्याला लेप लावण्याआधी म्हणून मी नुसतं तांब्याभर पाणी ओतलं आणि ब्रश फिरवला, तर तो सुटला. आणखी एक तांब्या, आणि काहीच उरलं नाही. हा तर सोपा निघाला, असं मी आईला हसून सांगितलेलं मला आठवतं. त्या डागाशेजारी भिंतीच्या पायथ्याला पिवळ्या ऑइलपेंटचा पट्टा होता, तो तेवढ्याच जागी फुगून पापुद्रे सुटल्यासारखा झाला होता. कुणी सांगितलं नव्हतं तरी मी तो खरवडला आणि कोपऱ्यातल्या जुन्या डब्यातला रंग तिथं लावून दिला. काम अर्धवट ठेवायचं नाही, हे आप्पांचंच शिकवणं होतं.

उन्हं कलली तेव्हा गट्टू वाळत आले होते आणि फाटकापासून पायरीपर्यंत एक डाग नव्हता. मी पायरीवर बसून बघत होतो. आप्पा आले की फाटक उघडायच्या आधी त्यांना बाहेरच थांबवायचं आणि दाखवायचं, असं मी ठरवलं होतं. दोन हॉर्न झाले नाहीत. फोन वाजला.

माल टाकून परत येताना पिरंगुटच्या घाटात उतारावर ब्रेक लागलाच नव्हता. आप्पांनी टेम्पो डोंगराच्या बाजूला घातला, पण त्याआधी वळणावर पेरूची पाटी घेऊन बसलेल्या हिराबाई सापडल्या. आप्पांच्या तीन फासळ्या मोडल्या. हिराबाईंचा डावा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. आप्पा शहरात जाताना त्यांच्याकडूनच पेरू घ्यायचे. आमच्या घरात त्या आठवड्याचे चार पेरू टोपलीत अजून होते. ते कुणी खाल्ले नाहीत आणि कुणी टाकलेही नाहीत. तिथंच ते मऊ पडत गेले.

शनिवारी सकाळी हवालदार आला, बरोबर गावातले दोन पंच. आप्पांनी दवाखान्यातून जबाब दिला होता की ब्रेकमध्ये आधीपासून बिघाड होता, शेठला सांगितलं होतं, आणि खोटं वाटत असेल तर गाडी उभी राहते ती जागा जाऊन बघा. हा जबाब मला तेव्हा माहीत नव्हता. शेठ आणि वहिनी आलेले होते. शेठ म्हणाले, ड्रायव्हरनं त्यांना असं काही सांगितलेलं नाही. हवालदारानं स्वच्छ गट्टूंकडे पाहिलं. वहिनी म्हणाल्या की कालच ह्या मुलानं सगळं धुऊन काढलं, फार कष्ट घेतले. त्यांनी ते चांगल्या मनानंच सांगितलं असं मला अजूनही वाटतं. मग हवालदार माझ्याकडे वळला. काय शिकतोस विचारलं. केमिस्ट्री म्हटल्यावर त्याचा स्वर जरा बदलला, अरेतुरे गेलं.

"मग तुम्हाला कळत आसंल. कसलं आईल हुतं? इंजनचं न्हवं?"

टेम्पोतून दुसरं कसलं तेल गळतं हे मला माहीत नव्हतं. माहीत नाही असं म्हणता आलं असतं. पण चार माणसं बघत होती, आणि त्यांनी मला शिकलेला म्हणून विचारलं होतं.

"हो," मी म्हणालो. "इंजिनचंच."

त्यानं ते लिहून घेतलं आणि कागद पुढं केला. मी सही केली. सही चांगली आहे म्हणाला.

संध्याकाळी मी दवाखान्यात गेलो. आप्पांना बोलताना छातीत कळ येत होती, त्यामुळे ते एकेक शब्द मोजून बोलत होते. पोलीस जागा बघून गेले का, हे त्यांनी पहिल्यांदा विचारलं. मी सांगितलं, आले होते, पण मी कालच सगळे डाग काढले होते.

"मागच्या डाव्या चाकापाशी व्हता, त्यो?"

"तो पण."

"कशानं काढलास?"

"त्याला काही लागलंच नाही. नुसत्या पाण्यानं गेला."

आप्पांनी डोळे मिटले. मला वाटलं कळ आली. मी नर्सला बोलवायला उठलो तर त्यांनी हातानं बस म्हणून सांगितलं, आणि डोळे मिटलेलेच ठेवून म्हणाले, "बरं केलंस. पावनं येनार हुते."

साखरपुडा झाला. आई पडवीत भांडी घासत होती आणि मी खिडकीतून रांगोळी बघत होतो. तीत मोर होते. रंग जराही मळला नव्हता. पंधरा दिवसांनी शेठनं खोली रिकामी करायला सांगितली. आम्ही माणला आलो, एका जमीनवाल्याच्या चाळीत, जिथं ओळीनं बावीस खोल्या आहेत आणि प्रत्येक दारासमोर कुणाची ना कुणाची मोटारसायकल. आप्पांचं लायसन जमा झालं. ते एका ऑफिसच्या पार्किंगच्या फाटकावर उभे राहायला लागले. आयुष्यभर ज्यांना फाटक उघडून मिळालं होतं ते आता दिवसाला दोनशेदा फाटक उघडत होते. नव्या खोलीत ते भिंतीला टेकत नव्हते. फासळ्यांमुळे असेल असं मी समजत होतो.

खटला उभा राहिला आणि तारखा पडू लागल्या. वकिलांनी एकदा मला समजावून सांगितलं की टेम्पो डोंगराला आपटून त्याचे पाइप तुटलेत, त्यामुळे आधीपासून गळत होतं की आपटल्यावर फुटलं, हे आता गाडीवरून सिद्ध होत नाही. मी मान हलवली. पाइप कसले, हे मी विचारलं नाही. मला शाळेपासून ही खोड आहे. न कळलेलं विचारायला मला लाज वाटते, कारण विचारलं की हा कुठल्या घरातून आलाय ते लोकांना कळेल असं वाटतं.

तिसऱ्या वर्षाला एका प्रॅक्टिकलला सरांनी ग्लायकॉलची बाटली काढली. पिवळसर, दाट, हाताला तेलासारखं लागणारं. परीक्षानळीत पाणी घेऊन त्यांनी ते वरून ओतलं आणि नळी हलवली. थर झाला नाही, सगळं एक झालं. वर्गातल्या कुणीतरी म्हटलं की सर, तेल असून पाण्यात मिसळलं. सर सहज बोलून गेले, की हे तेल नाहीच. तुमच्या गाडीच्या ब्रेकमध्ये जे भरतात ना, ते ह्याच जातीचं, त्याला सगळे तेलच म्हणतात. रंगावर सांडू देऊ नका, पापुद्रे निघतात. पोरं पुढच्या बाटलीकडे वळली. मी नळी हातात धरून उभा होतो. फुगलेला पिवळा पट्टा मला इतका स्पष्ट दिसत होता की मी बोटानं खरवडल्याचा आवाजही ऐकू आला.

त्या शनिवारी मी हॉस्टेलवरून माणला गेलो. आप्पा ड्यूटीवरून येऊन पाय धूत होते. मी दारातच सगळं सांगून टाकलं, ग्लायकॉलपासून सहीपर्यंत. ते टॉवेलनं पाय पुसत ऐकत राहिले.

"मला ठावं हाय," ते म्हणाले. "दवाखान्यातच कळलं. पान्यानं ब्रेकचंच आईल जातंय."

"मग मला का नाही सांगितलं?"

"काय सांगायचं हुतं? तू पैल्या वर्साला हुतास."

टॉवेल दोरीवर टाकून ते आत आले. आईनं तांदळाची भाकरी वाढली आणि आम्ही तिघं जेवलो. पण सोमवारी मी वकिलांकडे गेलो. ते म्हणाले, आपल्या बाजूनं साक्षीला ये, मात्र पहिल्या जबाबात इंजिन ऑइल म्हणून सही केली आहेस, तेव्हा ते तुला फाडून खातील. चुकलो म्हणायची तयारी आहे का? मी तयार होतो. खरं तर मला दुसरं काहीच नको होतं. हॉस्टेलवर मी आरशासमोर उभा राहून साक्ष म्हणत असे. तो डाग नुसत्या पाण्यानं गेला, म्हणून ते इंजिन ऑइल असूच शकत नाही, मला तेव्हा ब्रेकमध्ये द्रव असतो हेच माहीत नव्हतं. शेवटच्या वाक्याला माझा आवाज दर वेळी बारीक व्हायचा.

आप्पांना मात्र हे पसंत नव्हतं. त्यांचं एक पक्कं मत होतं आणि ते कुठून आलं कोण जाणे. कोर्टात आधी एक आणि मग दुसरं बोललेल्या माणसाचं नाव सरकार लिहून ठेवतं आणि नोकरीच्या वेळेला ते बाहेर निघतं. मी त्यांना परोपरीनं सांगितलं की असं काही नसतं. ते ऐकून घ्यायचे आणि मान हलवायचे. पार्किंगमधल्या साहेबलोकांनी घाईत काही सांगितलं की ते अशीच मान हलवतात, हे मी एकदा बघितलं आहे. मी दर महिन्याला फोनवर विचारायचो की माझी साक्ष कधी लागते. ते म्हणायचे, तारीख फुडं गेली. तू अभ्यास कर.

हे प्रकरण मी इथपर्यंत लिहून ठेवलं होतं. साक्ष झाली की शेवट लिहायचा असा माझा विचार होता.

परवा भरदुपारी आईचा फोन आला. ती दुपारी कधी फोन करत नाही. आधी तिनं मी कुठं आहे ते विचारलं, मग बस म्हणाली, मग सांगितलं. आदल्या दिवशी तारीख होती. मला कळवायचं नाही अशी आप्पांनी तिला शपथ घातली होती. वकील दुसऱ्या कुठल्या कामात होते तेवढ्यात आप्पा उठून उभे राहिले आणि म्हणाले, साहेब, मला गुन्हा कबूल हाय. वकील धावत आले, त्यांना खाली बसवायला लागले. साहेबांनी आप्पांना विचारलं, कुणी दाब टाकलाय का, समजून बोलताय का. हिराबाई कुबडी घेऊन समोरच्या बाकावर होत्या. आप्पा त्यांच्याकडे बघून बोलले, असं आई म्हणाली.

"म्हनले, ब्रेक लागत न्हाई ह्ये मला आठ दिस ठावं हुतं. शेठनं काय बी सांगू द्या, डाग असंल न्हाईतर नसंल. गाडी मीच काढली न्हवं त्या दिशी."

मी विचारलं, मग काय झालं. आई म्हणाली, दंड झाला आणि कोर्ट उठेपर्यंत बसून राहायची शिक्षा झाली. सकाळी अकराला बसले ते संध्याकाळी साहेब उठून गेले तोवर. मागच्या बाकावर, हात मांडीवर ठेवून. ती बाहेर भाकरी घेऊन बसली होती, मधल्या सुट्टीतही ते आले नाहीत. शिक्षा चालू आहे म्हणाले. तिला वाटलं फोन कटला. हॅलो हॅलो केलं तिनं, आणि मी हूं म्हटल्यावर पुढं सांगायला लागली.

"त्यो कोर्टातला शिपाई बरा हुता बिचारा. म्हनला, मामा, टेका भितीला, लई येळ हाय अजून. पर तुजा बाप न्हाई टेकला दिसभर. भित नवी रंगवल्याली हाय म्हनला, डोस्क्याचं त्याल लागंल."